एका ठशाची माणसं

दार नेहमीसारखंच उघडलं. वसुमती चौगुले यांनी उजव्या हाताची तर्जनी दाराजवळच्या काचेवर टेकवली, काचेत हिरवा ठिपका उमटला, कडी सरकली आणि त्या घरात शिरल्या. दिवा लावला. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि लगेच कांदा चिरायला घेतला, कारण थोड्याच वेळात शेजारची दोन मुलं अपूर्णांक शिकायला यायची होती. सुरीला धार कमी वाटली. उद्या लावून आणायला हवी, असं मनाशी म्हणत त्यांनी दुसरा कांदा सोलला. मग कढई काढायला वरच्या फळीकडे हात नेला, तर कढईच्या जागी नट आवळायचे पाने आणि पेचकस होते.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं.

"कोण हाय आत?" एक भरदार आवाज आला.

"मीच आहे. तुम्ही कोण?"

दारात निळ्या डगल्यातला एक माणूस उभा होता. त्याने आधी बाईंकडे, मग त्यांच्या हातातल्या सुरीकडे आणि शेवटी कांद्यांकडे पाहिलं. "मी दिगंबर माळी. बस डेपोत फिटर हाय. आणि हे माझं घर हाय बाई."

"काहीतरीच काय! चौथा मजला ना हा?"

"तिसरा."

वसुमतीबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. खालचं जांभळाचं झाड रोजच्यापेक्षा बरंच जवळ आलेलं होतं. "अगं बाई! लिफ्ट तिसऱ्यावरच थांबली वाटतं. माफ करा हं. सगळी घरं मेली एका साच्यातली. ओटासुद्धा तसाच, पडदेसुद्धा तेच."

"माफीचं राहू द्या. तुमी आत आला कशा?"

"बोटानं. आणखी कशानं येणार?"

हे बोलून झाल्यावर त्याचा अर्थ दोघांच्याही लक्षात आला.

त्या काळात घरांना किल्ल्या नव्हत्या. माणसाचा चेहरा आणि आवाज यंत्राकडून हुबेहूब बनवून घेणं पोरखेळ झाल्यापासून कायद्याचा विश्वास एकाच गोष्टीवर उरला होता, आणि ती म्हणजे जिवंत बोटाचा ठसा. घराचं दार, पेन्शन, बसचा प्रवास, दवाखान्यातलं औषध, मतदान, सगळं काचेवर टेकवलेल्या तर्जनीवर चालायचं. ठसा खोटा करता येत नाही, कारण काच बोटातल्या रक्ताची धडधडही तपासते. आणि दोन माणसांचे ठसे सारखे नसतात. ही दुसरी गोष्ट तर इतकी ठाम होती की ती कुणी तपासतही नसे.

"तुमचं बोट बघू," दिगंबर म्हणाला.

बाईंच्या तर्जनीचं टोक बाकीच्या बोटापेक्षा उजळ होतं, लहान मुलाच्या बोटासारखं. दिगंबरनं आपली तर्जनी शेजारी धरली. तीही तशीच.

"चकलीच्या तेलात भाजलं होतं माझं," बाई म्हणाल्या. "पाचही बोटं."

"माझं बॅटरीच्या ठिणगीनं. नवं कातडं कुठं घातलं?"

"त्वचालयात."

"मी पण."

खात्री करायला दोघं जिना चढून वर गेले. दिगंबरनं चौथ्या मजल्यावरच्या दाराला बोट लावलं. हिरवा ठिपका. कडी सरकली.

वसुमतीबाई आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत आल्या होत्या. त्यांनी दार ओढून लावलं आणि दिगंबरला पुन्हा बोट लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिरजेच्या त्वचालयात डॉक्टर मंदाकिनी हेरवाडकरांसमोर बसले होते. भाजलेल्या हातांना नवी त्वचा देण्याची पद्धत याच बाईंनी शोधून काढली होती. ती त्वचा नुसती झाकण घालणारी नव्हती. तिला बोटांच्या टोकांवर खऱ्या त्वचेसारख्या रेघा यायच्या, त्यामुळे पेशंटला पुन्हा खरखरीत आणि गुळगुळीत यातला फरक कळायचा. हेरवाडकर सावकाश बोलणाऱ्या आणि त्याहून सावकाश चिडणाऱ्या होत्या. दोघांची हकीकत त्यांनी मध्ये न बोलता ऐकली. मग दोघांच्या बोटांचे ठसे पडद्यावर एकावर एक ठेवले.

दोन ठसे नव्हतेच. एकच दिसत होता.

हेरवाडकरांनी ठसे उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी शिपायाला तीन कप गरम दूध आणायला सांगितलं.

"दूध?" दिगंबर म्हणाला. "डॉक्टर, माझ्या घराला कुणाचंही बोट लागतंय, आन तुमी दूध पाजताय?"

"प्यायचं नाही. थंड होईपर्यंत बघायचंय." साय धरल्यावर त्यांनी त्याच्या हातात चमचा दिला. "साय एका बाजूनं हळूच ढकला."

दिगंबरनं ढकलली. सायीवर बारीक घड्या उठल्या, एकीशेजारी एक, चमच्याला समांतर.

"सायीला घड्या पडल्या, दुधाला नाही. का?"

"साय पातळ, पण ताठ," वसुमतीबाईंनी शाळेतल्यासारखं उत्तर दिलं. "दूध मऊ. सायीला जागा कमी पडली, की ती आखडू शकत नाही, म्हणून वर उचलली जाते."

"बरोबर. पातळ पापुद्रा मऊ गोष्टीवर चिकटलेला असेल आणि त्याचं माप जागेपेक्षा जास्त झालं, तर त्याला सुरकुतावंच लागतं. शिंप्यानं अस्तर मोठं कापलं तर चुण्या पडतात ना, तसं." हेरवाडकरांनी खणातून एक डबी काढून टेबलावर उपडी केली. वाळलेले वाटाणे घरंगळले. "वाटाण्याचा आतला गर सुकून आकसतो, साल आहे तेवढीच राहते. बोटात उलटं होतं. आत गर तेवढाच, वरचा थर वाढत जातो. हिशोब एकच, माप जास्त आणि जागा कमी. आता खरी गंमत. सुरकुत्या कुठल्या दिशेनं जाणार, हे कोण ठरवतं?"

"जिकडून ढकलू तिकडून," दिगंबर म्हणाला.

"ते एक. आणि दुसरं, गोलाई. सपाट जागेवर सुरकुत्या भुलभुलैयासारख्या भटकतात. फार गोल, लहान गोळीवर त्यांचे खळगे होतात, मधमाशांच्या पोळ्यासारखे. बोटाचं टोक या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोटांच्या टोकांवर छोटे उंचवटे असतात. उंचवटा टपोरा असेल तर रेघा त्याच्याभोवती गोल फिरतात."

"चक्र!" वसुमतीबाई म्हणाल्या. लहानपणी सगळ्यांनीच एकमेकांच्या बोटांवरची चक्रं आणि शंख मोजलेले असतात.

"उंचवटा एका बाजूला कललेला असेल तर शंख. चपटा असेल तर साधी कमान. हे झालं मोठं चित्र. पण माणूस ओळखला जातो तो बारीक गोष्टींवरून. एखादी रेघ मध्येच संपते, एखादीला फाटा फुटतो. ते फाटे कुठे फुटणार, हे खोटीवर अवलंबून असतं."

"कुणाच्या खोटीवर?" दिगंबरनं जरा रागानंच विचारलं.

"त्वचेच्या. कुठे थर केसभर जास्त जाड, कुठे उंचवट्याला पोचा. पोटातलं मूल मूठ वळतं, नाळ धरतं, तोंडात अंगठा घालतं. प्रत्येकाच्या बोटाला वेगळे धक्के बसतात. म्हणून जुळ्या भावंडांचे ठसेसुद्धा निराळे."

पुढचं सांगणं हेरवाडकरांना जड गेलं. त्वचालयात भाजलेल्या बोटावर नव्या त्वचेचा पातळ थर घालत आणि त्यावर तीन आठवडे एक मऊ टोपी चढवत. टोपीच्या आतल्या गोलाईला धरून थर वाढे आणि सुरकुते. सुरुवातीला या बोटटोप्या एक कारागीर हातानं बनवायचा. मागणी वाढली तेव्हा हेरवाडकरांनी यंत्र आणलं. टोपी आतून काचेसारखी नितळ झाली, थर सगळीकडे एकाच जाडीचा झाला.

"तेव्हा मी पेढे वाटले होते," त्या म्हणाल्या. "सगळी खोट गेली म्हणून. नव्या ठशांची नोंद आम्हीच सही करून पाठवायचो. नवा ठसा जुन्याच्या जागी बसायचा. एका पेशंटचा ठसा दुसऱ्याशी ताडून बघावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही."

"टोप्या सगळ्या एकाच मापाच्या?" बाईंनी विचारलं.

"तर्जनीला तीन मापं. लहान, मध्यम, मोठं. तुम्ही दोघं मध्यम."

"मी आयुष्यात कधी दुसरा नंबर घेतला नाही," वसुमतीबाई हताशपणे म्हणाल्या, "आणि आता मध्यम!"

दिगंबर हसला. हेरवाडकरही हसल्या असत्या, पण मध्यम मापाची बोटं दीडशेच्या वर होती, आणि तेवढी माणसं मिरज-सांगलीत एकमेकांच्या घरांची दारं उघडू शकत होती.

हेरवाडकरांपुढे दोन वाटा होत्या. गप्प राहायचं, नाहीतर ठशांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या ठसा-निबंधकांना कळवायचं. कळवलं तर ही सगळी बोटं रद्द होणार. ठसा रद्द झालेल्या माणसाला पेन्शन काढता येत नाही, औषध मिळत नाही. स्वतःच्या घरात जायला दर वेळी दोन साक्षीदार उभे करावे लागतात.

"म्हणजे मी घरी जायला सोसायटीच्या सेक्रेटरीला बोलवायचं?" वसुमतीबाई उसळल्या. "तो रोज म्हणेल, बाई, एवढ्या उशिरा कुठून?"

"दुसरा काही उपाय सापडेपर्यंत."

"आणि नाही सापडला तर? मी मीच आहे, हे मरेपर्यंत दुसऱ्यानं सांगायचं?"

हेरवाडकरांनी त्याच दुपारी निबंधकांना कळवलं.

महिनाअखेरीस ठसे रद्द होतील, असा आदेश आला. वसुमतीबाई आता रोज त्वचालयात येऊन बसू लागल्या. त्यांना घरी चैन पडत नव्हतं. त्या हेरवाडकरांना प्रश्न विचारायच्या, आणि प्रश्न संपले की वाट बघणाऱ्या पेशंटना सायीचा प्रयोग समजावून सांगायच्या. नव्या टोप्यांना मुद्दाम ओरखडे पाडून बघितले तर? हेरवाडकरांनी तेही करून पाहिलं. पण त्यांच्या प्रयोगातली त्वचा ओरखड्यापाशी सुरकुतण्याऐवजी फाटायची. तो उपाय पेशंटवर करता येण्यासारखा नव्हता.

अशातच युसूफ शिकलगारांच्या टोप्या काढायचा दिवस आला.

युसूफभाई तंबोरे बनवत. पॉलिशच्या स्पिरिटनं पेट घेतला आणि उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट भाजलं. त्यांना दाराची किंवा पेन्शनची फिकीर नव्हती, त्यांना जवारीची होती. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा कानस फिरवून अगदी जराशी गोलाई देऊन घासावा लागतो. तार त्या गोलाईला शिवत-न-शिवत थरथरली, की तंबोरा गुंजतो. त्या कामाला जवारी म्हणतात. ती गोलाई डोळ्याला दिसत नाही. ती बोटाला कळते, आणि बोटाला कळते ती त्यावरच्या रेघांमुळे.

आधी तर्जनीची टोपी निघाली, मध्यम मापाची. हेरवाडकरांनी भिंग लावलं. मग भिंग पुसून पुन्हा लावलं.

"युसूफभाई, काय केलंत?"

"कुठं काय? गप बसून होतो."

"गप बसलेल्या माणसाचं बोट असं होत नाही."

युसूफभाईंनी छताकडे बघितलं. शेजारी त्यांच्या पत्नी हमीदाबी बसल्या होत्या. त्यांना राहवेना. "सांगा की आता! डॉक्टरीणबाई, रोज पहाटे नमाज झाली की जाऊन बसायचे. मी म्हणायची, अहो, हात बरा होऊ द्या. पण ऐकतील तर शपथ."

"कुठे जाऊन बसायचे?"

"तंबोऱ्याजवळ."

त्यांच्या घरात एक रीत होती. नव्या तंबोऱ्यावर तारा चढवल्या, की त्याचा आवाज मोकळा होईपर्यंत त्याला रोज पहाटे छेडायचं. एकही दिवस गाळायचा नाही. घरात लग्न असो की मयत. आग लागली त्याच्या आदल्याच दिवशी युसूफभाईंनी एका तंबोऱ्यावर तारा चढवल्या होत्या.

"टोप्या घालून तंबोरा छेडलात?" हेरवाडकर सहसा आवाज चढवत नसत. आज चढला. "मी काय सांगितलं होतं? हात उशीवर ठेवायचा! काही धरायचं नाही, काही दाबायचं नाही!"

"छेडला कुठं! नुसता हात लावला."

"रोज?"

"रोज जरा जरा."

वसुमतीबाई मागून पडद्याकडे बघत होत्या. "डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "हा आपला मध्यम मापाचा ठसा नाही."

हेरवाडकर रागात असल्यामुळे त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा बघितलं. जिथं तार टोपीवर दाबली जायची, तिथं रेघा तारेच्या कडेनं सरळ, समांतर गेल्या होत्या, चमच्याजवळच्या सायीसारख्या. टोकावरचं चक्र एका अंगाला कललं होतं. आणि जिथं सरळ रेघा वळणाऱ्या रेघांना येऊन भिडत होत्या, तिथं फाट्यांची दाटी झाली होती. त्वचा कुठेच फाटलेली नव्हती. ओरखड्यानं जे साधलं नाही ते रोजच्या मऊ दाबानं साधलं होतं. दुसरं बोट तर आणखी निराळं. हेरवाडकरांनी दोन्ही ठसे निबंधकांच्या यंत्राकडे पाठवले. यंत्रानं देशातल्या सगळ्या बोटांशी ते ताडून पाहिले आणि उत्तर दिलं: असं दुसरं बोट नाही.

"आम्ही बोटाला तीन आठवडे झोपवून ठेवत होतो," हेरवाडकर खुर्चीत टेकत म्हणाल्या. "पोटातलं मूलसुद्धा एवढं स्वस्थ पडत नाही."

युसूफभाईंना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी खिशातून हाडाच्या घोडीचा एक तुकडा काढला आणि नव्या बोटाचं टोक त्यावरून अगदी हलकं फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. हमीदाबी पुढं वाकून बघत होत्या.

"हितं," ते म्हणाले. "हितं जरा उंच राहिलंय. घासायला पायजे." आणि मग ते लहान मुलासारखे रडायला लागले.

"बघा, आता मलाच रागवा," हमीदाबी डोळे पुसत म्हणाल्या. "तीन आठवडे मीच भांडत होते."

पुढचे दोन महिने त्वचालयात सुट्टी नव्हती. जुना थर हलकेच सोडवायचा, नवा घालायचा, टोपी चढवायची, आणि पेशंटला सांगायचं: घरी जा आणि रोजचं काम करा. सांभाळून, पण करा. कुणी टोपी घालून भाकरी थापली, कुणी मोती ओवले, एका न्हाव्यानं तीन आठवडे रिकाम्या हवेत कात्री चालवली. निबंधकांनी मुदत वाढवून दिली. प्रत्येक नवा ठसा आता बाकी सगळ्यांशी ताडून बघितला जाई, आणि एकही दुसऱ्याशी जुळला नाही.

वसुमतीबाईंनी खडू निवडला. शेजारच्या मुलांना ओट्यासमोरच्या फळ्यावर त्या अपूर्णांक शिकवत राहिल्या. टोपी निघाली तेव्हा त्यांच्या चक्राच्या पोटात एक खोलगट वाट होती, खडू टेकतो बरोबर तिथून गेलेली.

"कितवा नंबर?" त्यांनी विचारलं.

"एकमेव," हेरवाडकर म्हणाल्या. "याहून वरचा नंबर आमच्याकडे नाही."

त्या संध्याकाळी वसुमतीबाईंनी मुद्दाम लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबवली. दिगंबरच्या दाराच्या काचेवर बोट टेकवलं. लाल ठिपका. पुन्हा टेकवलं. लाल. त्या एकट्याच उभ्या राहून हसल्या. कित्येक आठवड्यांनी छातीवरचा दगड उतरला होता. दार उघडत नव्हतं, आणि न उघडणाऱ्या दाराचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

"कोण हाय?" आतून आवाज आला.

"मी. चौथा मजला!"

"आत या की!"

"येता येत नाही! तेच तर सांगायला आले."

दिगंबरनं दार उघडलं. तो हसला, पण बाईंना वाटलं होतं तेवढा नाही. आत दिवे लागले होते. ओट्याजवळ एक नर्सबाई भजी तळत होती. सतरंजीवर एक म्हातारे गृहस्थ आणि एक दाढीवाला तरुण पत्ते पिसत बसले होते.

"पाहुणे का?"

"पाहुणे नव्हं. बोट लावून आलेली, आपलीच," दिगंबर म्हणाला. "मध्यम."

बाईंना कळायला क्षणभर लागला. "म्हणजे तुम्ही कुणीच अजून बोटं बदलून घेतली नाहीत?"

"नाही," नर्सबाई झाऱ्या हलवत म्हणाली. "आमचं आपसात ठरलंय. निबंधकांनी टोपी घालायचीच म्हटलंय, तर घालू. पण हात उशीवर ठेवून गप बसणार. पहिल्यासारखं."

"अहो, मग पुन्हा तोच ठसा येईल!"

"तेच तर पायजे," दिगंबर म्हणाला.

वसुमतीबाईंच्या आतली शिक्षिका जागी झाली. "निबंधक मंजूर करतील का? आणि केला तरी उद्या तुमच्यातल्या एकानं कुठे चोरी केली, तर? ठसा चौघांचा. कोण सांगणार कुणी केली?"

पत्ते पिसणारे हात थांबले. दाढीवाल्या तरुणानं खाली बघितलं. हा विचार त्याच्या मनात नव्यानं आला होता, की आधीच येऊन गेला होता, हे बाईंना ओळखता आलं नाही. कढईतलं तेल तेवढं चुरचुरत राहिलं.

"नाही सांगू शकणार कुणी," दिगंबर शेवटी म्हणाला. "माहीत हाय आमाला." तो बाईंना सोडायला जिन्यापर्यंत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, बायको गेली तवापासून मी रोज अंधाऱ्या घरात आलोय. दिवा मीच लावायचा. त्या दिवशी आलो तर दिवा लागलेला. कांद्याचा वास. मग घाबरलो, पण दारात पाय टाकताना आधी काय वाटलं ठाऊक हाय? ती आली, असं वाटलं."

बाईंनी जिन्याच्या कठड्यावर हात टेकवला.

"ते कांदे मी दोन दिवस पुरवले," तो म्हणाला आणि आत गेला. दार लावून घेतानाही आतलं हसणं ऐकू येत होतं.

वसुमतीबाई जिना चढून वर आल्या. बोट टेकवलं. हिरवा ठिपका लगेच उमटला, आणि त्यांना पुन्हा बरं वाटलं, खरोखरच बरं वाटलं. हे दार आता साऱ्या जगात एकाच बोटाला ओळखत होतं. त्या आत शिरल्या. मागं कडी सरकली.

घरात अंधार होता. दिव्याच्या बटणाकडे हात नेताना त्यांच्या मनात आलं, या दारातून आता चुकूनसुद्धा कुणी येणार नाही.